सहा बोकडांचा उपवास

आठवड्याला सातच दिवस असतात, ही नर्मदाबाईची कायमची अडचण होती. सोमवार नवऱ्याच्या, म्हणजे दगडोबाच्या, आयुष्यासाठी. तो लग्न झाल्यापासून चालू होता. गुरुवार मुलाच्या, बजरंगच्या, गुडघ्यासाठी. बजरंगला साडेसाती लागली तेव्हा शनिवार धरला. साडेसाती गेली, शनिवार राहिला. नात सीमा बारावीला बसली तेव्हा चतुर्थी धरली. सीमा बारावी झाली, परभणीला जाऊन जनावरांची डॉक्टर झाली, त्याच्याही पुढचं शिकायला लागली, तरी चतुर्थी सोडायची कोणाला आठवण झाली नाही. सिद्धेश्वर धरणाच्या कडेला त्यांची धनगरवस्ती होती. तिथे कोणाचं काही अडलं की बाया नर्मदाबाईकडे येत आणि कोणता वार धरावा ते विचारून जात.

तिच्याकडे एकादशी, दुप्पट खाशी असला प्रकार नव्हता. साबुदाणा, भगर, बटाट्याच्या सालपापड्या यांना ती फराळ म्हणे आणि फराळ करणाऱ्यांना फराळी. तिचा उपवास म्हणजे पाणी. आणि सगळे उपवास दुसऱ्याच्या नावाचे. दगडोबाला साप चावला तेव्हा ती दोन दिवस पाण्यावर होती. दवाखान्यात त्याला सुया दिल्या होत्या, हे ती नाकारत नसे. विष सुयांनी उतरलं आणि जीव उपवासानं राहिला, अशी तिची वाटणी होती. दगडोबाला ती मान्य होती, कारण कोणत्याही वाटणीत त्याला स्वतःला काही करावं लागत नव्हतं.

तर अशा बाईच्या घरी सीमा एका मंगळवारी आली आणि म्हणाली की तिला सहा बोकड तीन दिवस उपाशी ठेवायचे आहेत.

"काहून?" नर्मदाबाईनं विचारलं. "काय केलं त्यांनी?"

सीमा चुलीपाशी बसली आणि सांगू लागली. पोरगी हुशार होती, पण आजीला सांगताना हुशारी बाजूला ठेवायची अक्कलही तिला होती. "आजी, आपन खातो ते आतड्यातून रगतात जातं. पन आतड्याला आतून जे अस्तर हाय ना, त्याच्या बारक्या-बारक्या पेशी असत्यात. डोळ्याला दिसत न्हाईत. त्यांच्या हातातूनच सगळं जातं. त्या आधी आपल्यापुरतं काढून घेत्यात, मंग बाकीच्या अंगाला देत्यात."

"म्हंजे वाढनारी आधी जेवती?"

"व्हय."

"मंग तिची सासू काही म्हनत न्हाई?"

"न्हाई म्हनत. ती जेवली न्हाई तर वाढनार कोन?"

नर्मदाबाईनं तव्यावरची भाकर उलटली. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती आणि या घरात ती रोज शेवटी जेवत होती. स्वतःच्याच पोटात आधी जेवणाऱ्या बाया बसल्या आहेत हे तिला आजच कळत होतं. राग आला नाही, थोडं बरंच वाटलं.

"अन् उपास घडला की?" तिनं विचारलं.

"वरून काही येत न्हाई. मंग रगत त्यांना अंगातली चरबी आनून देतं, अन् त्या ती जाळत्यात. सरपन बदलत्यात म्हन. काम कमी करत्यात. बारीक व्हत्यात. अस्तर पातळ पडतं. पुन्हा खायला घातलं की दोन-चार दिवसांत भरून येतं. हे सरपन बदलनं कसं व्हतं, ते मला पाह्यचं हाय. शेळीच्या पोटात दोन दिसांचा साठा असतोय, म्हनून तीन दिस लागत्यात."

बारा बोकड रविवारी हिंगोलीच्या माणिकराव खाटकाकडे जायचेच होते. सीमाचं म्हणणं इतकंच की त्यातले सहा शेवटपर्यंत पोटभर खातील आणि सहा गुरुवार सकाळपासून फक्त पाणी पितील. कॉलेजच्या समितीनं परवानगी दिली होती, शिक्क्याचा कागदही होता. रविवारी माणिकरावनं बोकड कापले की सीमा आतड्याचे तुकडे बर्फात घालून परभणीला नेणार होती.

दगडोबाला हे पटलं नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी बोकडाला मीठ चाटवायचं आणि पाणी पाजायचं, म्हणजे पोट तट्ट दिसतं, हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं. "आमी जन्मभर पोट फुगवून इकले," तो म्हणाला, "अन् आमची डॉक्टरीन पोट बसवून इकायला निघाली."

"आबा, दोनदा नमुने वाया गेलेत," सीमा म्हणाली. "एकदा लाईट गेली, एकदा बोकडांना रोग निघाला. सर म्हनले, या महिन्यात नमुने आले न्हाईत तर माहं नाव कमी व्हईल. दोन वर्षं पान्यात जातील."

यावर दगडोबानं वाद सोडला. नर्मदाबाईनं ते "नाव कमी" मनात धरून ठेवलं. या घरातलं कोणाचं नाव आजवर कुठल्या कागदावर चढलंच नव्हतं. पहिलं चढलं ते सीमाचं.

सीमानं सहा बोकडांच्या गळ्यात लाल फीत बांधली, सहांच्या गळ्यात हिरवी. मध्ये दोऱ्याची जाळी, म्हणजे वाघर, लावून दोन कप्पे केले. तिला बाटल्या आणि बर्फाची सोय करायला परभणीला परत जायचं होतं, ती शनिवारी संध्याकाळी येणार होती. तोवर राखण कोणी करायची, हा प्रश्नच नव्हता. घरात उपवासातलं कळणारं माणूस एकच होतं.

"आजी, लाल फीतवाल्यांना पाल्याचं एक पान जाऊ द्यायचं न्हाई," सीमा म्हणाली.

"उपास मला शिकवू नको," नर्मदाबाई म्हणाली.

आता नर्मदाबाई काही हळव्या मनाची बाई नव्हती. हजारभर बोकड तिनं खाटकाच्या हाती दिले असतील आणि एकासाठीही डोळ्याला पदर लावला नव्हता. कापायचं ते कापायचंच, त्यासाठीच पाळायचं. पण जनावर घरातून जाताना भरल्या पोटानं गेलं पाहिजे, हा तिच्या सासरचा नेम होता. टेम्पोत चढवायच्या आधी ती प्रत्येकाच्या कपाळाला हळद लावी आणि तोंडात शेवटचा घास देई. उपाशी जनावर उंबऱ्याबाहेर काढलं तर ते पुढच्या जन्मी मालकाच्या ताटापुढं येऊन बसतं, असं तिची सासू सांगायची. सासूच्या बऱ्याच गोष्टी खोट्या निघाल्या होत्या, पण ही अजून निघाली नव्हती.

गुरुवारी दुपारपर्यंत लाल फीतवाले शांत होते. दुपारनंतर हिरव्या फीतवाल्यांसमोर सुबाभळीचा पाला पडला आणि लाल फीतवाल्यांनी वाघरीवर तोंडं घासत ओरडायला सुरुवात केली. नर्मदाबाईचा गुरुवार होताच. तिनं कानावर पदर ओढला. संध्याकाळी आवाज बसला आणि त्यातला एक नुसताच तिच्याकडे बघत राहिला. तेव्हा तिला ती गोष्ट सुचली, आणि इतकी सोपी होती की आधी कशी सुचली नाही याचंच तिला नवल वाटलं.

उपवास पाहिजे होता सीमाला. तो कोणीतरी करायचा, एवढीच अट. पन्नास वर्षं नवऱ्याच्या नावाचा उपवास बायको करते आणि तो नवऱ्याला लागतो. पोराच्या नावाचा आई करते आणि पोराला लागतो. मग बोकडाच्या नावाचा बोकडाला का लागू नये?

अडचण एकच होती. बोकड सहा आणि ती एकटी. सहा त्रिक अठरा दिवस, आणि रविवार तिसऱ्या दिवशी. म्हणून शुक्रवारी दिवस उगवताच ती वस्तीत फिरली आणि पाच बाया घेऊन आली. सीमाचं काम म्हटल्यावर कोणी नाही म्हणालं नाही. वस्तीतल्या निम्म्या शेळ्यांना तिनं फुकट टोचलं होतं. बोकडागणिक एक बाई ठरली. प्रत्येकीनं आपला बोकड ओळखून घेतला, त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याच्या नावानं पाणी सोडलं आणि मग त्याला पाला घातला. बोकड काही न विचारता खाऊ लागले. बाकीच्या पाच जणींचा गुरुवार जेवणात गेला होता, तो नर्मदाबाईनं आपल्या गुरुवारातून सहा जणींना वाटून दिला. बजरंगच्या गुडघ्याला एक आठवडा थांबायला सांगितलं.

शेजारची धुरपदा जरा कच्ची होती. "काय-काय चालतंय यात?" तिनं विचारलं. "साबुदाना?"

"बोकडाला नुसतं पानी सांगितलंय. आपल्याला बी पानी."

"अन् चहा?"

"सीमानं बोकडाला चहा सांगितला का?"

"न्हाई म्हनली बी न्हाई की," धुरपदा म्हणाली, पण तिलाही ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

शनिवारी संध्याकाळी सीमा आली. तिनं बॅटरीच्या उजेडात लाल फीतवाले पाहिले. "बरेच टवटवीत हायत," ती म्हणाली.

"उपासाचं तेज हाय," नर्मदाबाई म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. भिंतीला धरून बोलत होती, ते सीमाच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी पहाटे टेम्पो निघाला. सीमा पुढं ड्रायव्हरजवळ बसलेली असताना मागं सहाच्या सहा जणींनी आपापल्या बोकडाला हळद लावली आणि शेवटचा घास दिला. टेम्पो हिंगोलीला पोचला असेल असा अंदाज करून धुरपदानं नऊ वाजता उपवास सोडला. नर्मदाबाईनं सोडला नाही. नात येऊन "झालं" म्हणेल, मग सोडायचा, असं तिनं ठरवलं होतं.

सीमा दुपारी आली. हातात थर्माकोलचा डबा होता, तो तिनं उंबऱ्यातच ठेवला. तिचा चेहरा उतरला होता.

"आजी, माणिकरावनं पहिल्याचं पोट फाडलं," ती म्हणाली. "आत सुबाभळीचा हिरवा पाला. दुसऱ्याच्या बी. सहाच्या सहा. तो म्हनला, ताई, हे उपाशी असतील तर मी जन्मल्यापासून उपाशी हाय."

"पाला असंल की," नर्मदाबाई म्हणाली. "मीच घातला. पन उपास बराबर झालाय. तीन दिस, नुसत्या पान्यावर, सहा जनी. तुहं काम कुठं अडलं न्हाई."

आणि तिनं सगळं सांगितलं, अगदी गुरुवार कसा वाटला तेसुद्धा. सांगताना तिला मनातून अभिमान वाटत होता. सीमा ऐकत राहिली. ती हसली नाही आणि चिडलीही नाही, त्यामुळे नर्मदाबाईला प्रथमच शंका आली.

"आजी," सीमा हळू म्हणाली, "बोकडाच्या आतड्यातल्या पेशीला तुहा उपास कळत न्हाई. तिच्यापुढं पाला आला, तिनं खाल्ला. ज्याचं पोट त्याचाच उपास."

"दुसऱ्याच्या नावानं धरला तरी?"

"नाव कळत न्हाई तिला."

दगडोबा पलीकडं जेवत बसला होता. रविवार होता, मटणाचा रस्सा होता. नर्मदाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग सीमाकडे. "म्हंजे मी ह्यांच्यासाठी धरलेले सोमवार?"

सीमाला या प्रश्नाची तयारी नव्हती. कॉलेजच्या कोणत्याच परीक्षेत तो आला नसणार. घासाच्या मधेच दगडोबा म्हणाला, "मी जित्ता हाय न्हाई का," आणि नळी चोखू लागला.

नर्मदाबाई काहीतरी बोलायला उठली आणि तिथंच चुलीपाशी कोसळली.

बोकडांचं सगळं सोडून सीमा धावली. साखर-मिठाचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. दोन वर्षं गेल्याचं रडू तिनं टेम्पोत दाबलं होतं, तेही यात मिसळून गेलं. अर्ध्या तासानं नर्मदाबाईनं डोळे उघडले. तीन दिवस थांबलेल्या आतड्यांना आता काहीतरी मिळत होतं, आणि त्या वाढणाऱ्या बाया आपल्यापुरतं आधी काढून घेत असतील, असं तिच्या मनात आलं. घेऊ द्यावं, असंही आलं.

"तू सरला सांग, उपाशी व्हते म्हनून," ती पडल्या-पडल्या म्हणाली. "कोन पाह्यला आलतं? माणिकरावला मी समजावते."

"न्हाई आजी. खोटं लिव्हून मिळालेलं नाव काय करू?"

सीमानं अंगणात जाऊन सरांना फोन लावला आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मग तिनं "हो सर, सहा बायका" असं दोनदा म्हटल्याचं घरात ऐकू आलं. आत येऊन ती म्हणाली, "हिरव्या फीतवाल्यांचे नमुने चालतील म्हनले. लाल नवे पाह्यजेत. पंधरा दिसांत. पन बोकड कुठून आनू?"

बोकड होते. आखाडात भाव चढतो, तेव्हा विकायला नर्मदाबाईनं सहा मागं ठेवले होते. त्यातला एक लाल्या. त्याची आई वितानाच गेली होती आणि नर्मदाबाईनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला होता. आपण काय बोलतो आहोत हे कळायच्या आत ती बोलून गेली, "माहे सहा घे."

"घेते," सीमा म्हणाली. "पन एक अट हाय. ते तीन दिस तू दोन्ही टाइम पोटभर जेवायचं. माह्यासमोर, वाघरीपाशी बसून."

"उपाशी लेकरांपुढं बसून जेवू?"

"व्हय. तू जेवलीस म्हंजे मला कळंल की त्यांचा उपास त्यांच्यापाशीच हाय. तू उपाशी दिसलीस की समजायचं, पाला गेला."

पोरगीनं नर्मदाबाईला बरोबर ओळखलं होतं. चोरून पाला घालून वर स्वतः जेवायचं, हे तिच्या हातून झालं नसतं. कुलूप लावलं असतं तरी इतकं पक्कं झालं नसतं.

पुढच्या गुरुवारी सहा लाल फिती पुन्हा बांधल्या. सीमा या वेळी कुठं गेली नाही. बजरंगच्या गुडघ्याचा गुरुवार मोडून नर्मदाबाई वाघरीपाशी ताट घेऊन बसली. भाकरी, पिठलं, कांदा. पलीकडून लाल्यानं दोऱ्यांतून तोंड काढलं. लहानपणी तो तिच्या ताटातली भाकरी ओढायचा. त्याला वाटलं, आजही तसंच आहे. ती थोडी मागं सरकली आणि खाऊ लागली. सीमा समोर बसून बघत होती. घास कोरडा पडला तरी नर्मदाबाईनं पाणी मागितलं नाही.

शुक्रवारी लाल्या ओरडत होता. शनिवारी ओरडेनासा झाला. शनिवार तिचाही मोडला. पन्नास वर्षांत तिला एवढं अवघड काही वाटलं नव्हतं. उपाशी राहणं यापुढं पोरखेळ होता. दुसऱ्याचं पोट आपल्या अंगावर घेता येत नाही, हे तिनं सहा वेळा, दोन-दोन भाकरी खाऊन, गिळलं. शनिवारी रात्रीची शेवटची अर्धी भाकरी राहिली तेव्हा तिनं सीमाकडं पाहिलं.

"बास का?"

"ती बी संपव, आजी," सीमा म्हणाली.

रविवारी पहाटे नर्मदाबाईनं सहाही जणांना हळद लावली. शेवटचा घास नव्हता. तिनं हात दोनदा धुतले, भाकरीचा एक कणही राहू नये म्हणून, आणि लाल्याच्या तोंडापुढं ओला तळवा धरला. त्यानं तो चाटला. मग तिनं स्वतःच टेम्पोची फळी लावली.

दुपारी सीमाचा फोन आला. "आजी, बराबर आलं. आतडं हाताला पातळ लागून राहिलं. माणिकरावला बी कळलं. तो म्हनला, हे खरे उपाशी."

"नाव राहील ना तुहं?"

"राहील."

"मंग झालं," नर्मदाबाई म्हणाली आणि फोन दगडोबाकडं दिला. त्या रात्री सासूची ती गोष्ट तिला आठवली. लाल्या पुढच्या जन्मी ताटापुढं येऊन बसलाच तर सगळं ताट त्याला द्यायचं, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळी तिनं चूल पेटवली, पीठ मळलं आणि दोन ताटं मांडली. दगडोबानं दुसऱ्या ताटाकडं पाहिलं. इतक्या वर्षांत सोमवारी दुसरं ताट त्यानं पाहिलं नव्हतं.

"आज सोमवार हाय," तो म्हणाला.

"ठावं हाय. पेशीला नाव कळत न्हाई म्हंत्यात."

दगडोबानं आपलं ताट उचललं आणि तिच्या ताटाशेजारी सरकवलं. "तू जेव. आजचा मी धरतो."

"कोनाच्या नावानं?"

"हाय एक बाई. चुलीपाशी पडती."

"लागनार न्हाई तो मला. सीमानं सांगितलं न्हवं?"

"न लागू दे," दगडोबा म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला, बसची वाट बघत बसावं तसा. डोळे पुसून नर्मदाबाई जेवायला बसली आणि त्याच्यासमोर, आधी, जेवली. तो बघत होता.

साडेनऊच्या सुमाराला त्यानं खाकरून विचारलं, "बोकडाला चहा चालत व्हता का?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवलं.